रिकामी परतलेली बाबागाडी

मित्रांनो, मी एक जुनी बाबागाडी आहे. दाराच्या मागे, छत्री आणि झाडू यांच्या मधल्या जागेत मी मिटून उभी असते. मिटल्यावर मी इतकी बारीक होते, की घरी आलेल्या पाहुण्यांना मी दिसतही नाही. कधी कुणी माझ्या मुठीला ओली पिशवी अडकवून जाते. पण मी विमानाने प्रवास केला आहे, आणि माझ्यात बसून एका लहान मुलीने एक फार अवघड गोष्ट शिकून घेतली आहे. ती हकिगत मला तुम्हांला सांगायची आहे.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. एका टोकाला अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्या वाकवल्या जात, दुसऱ्या टोकाला बायका रांगेने बसून बैठकीचे कापड शिवत. मला लहान लहान चाके मिळाली, कमरेचा पट्टा मिळाला आणि डोक्यावर निळे छत मिळाले. त्या छताला पारदर्शक प्लॅस्टिकची एक चिमुकली खिडकी होती. गाडी ढकलणाऱ्याला आतले मूल दिसावे, म्हणून ती ठेवतात. शेवटी एका माणसाने माझ्यात वाळूची पिशवी बसवली आणि मला खडबडीत फळीवरून खूप वेळ फिरवले. मी कुरकुर केली नाही. त्याने माझ्या पाठीवर शिक्का मारला आणि मी खोक्यात गेले.

खोक्यातून निघाले ती एका दुकानात. तिथे मोठ्या बाबागाड्यांचा थाट काय वर्णावा! त्यांना जाडजूड चाके होती, गाद्या होत्या, पेला ठेवायला खोबणी होती. त्यांच्यापुढे मी म्हणजे अगदीच पाप्याचे पितर. गिऱ्हाइके येत, मला एका बोटाने उचलून बघत, "ही काय टिकणार?" म्हणत आणि खाली ठेवत. दुकानदाराने मला हळूहळू मागे सरकवले. मूल बसल्यावर कसे वाटते, ते मला अजून ठाऊक नव्हते. वाळूच्या पिशवीवर कितीसे समाधान मानणार?

मग एके दिवशी एक आजी दुकानात आली. तिच्या कडेवर दोन वर्षांची नात होती. ही मुलगी एका जागी क्षणभर टिकत नसे, म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणत. आजी पूर्वी बसमध्ये कंडक्टर होती. तिचा आवाज कुठेही शेवटच्या सीटपर्यंत पोचेल असा होता. वर्षानुवर्षे धावत्या बसमध्ये वरचा दांडा धरून उभे राहिल्याने तिचा उजवा खांदा कामातून गेला होता. तो हात खाली चालायचा, पण खांद्याच्या वर जात नसे.

आजीने दुकानदाराला सगळे नीट सांगितले. तिला नातीला घेऊन विमानाने लांब जायचे होते. मध्ये एकदा विमान बदलायचे होते. सोबत कुणी नव्हते. पोर झोपली, की तिला उचलून त्या लांबच लांब विमानतळावरून चालणे तिच्या खांद्याला झेपणारे नव्हते. शिवाय गाडी विमानात आपल्याजवळच राहायला हवी होती. सामानात टाकली आणि वेळेवर मिळालीच नाही, तर पंचाईत.

दुकानदाराने सर्वांत मोठी गाडी पुढे आणली आणि तिचे गुण गायला सुरुवात केली. आजीने सगळे ऐकून घेतले. मग तिने दुकानातल्या दोन खुर्च्या ओढल्या, मध्ये विमानातल्या वाटेएवढी जागा सोडली आणि त्याला गाडी तिच्यातून न्यायला सांगितले. गाडी मधेच अडकली.

"आता काय, उतारू खाली उतरवायचे?" आजी म्हणाली.

तिने एकेक गाडी अशी पारखली. एक वाटेतून गेली, पण मिटेना. एक मिटली, पण मिटल्यावरही ट्रंकेएवढी राहिली. मी कोपऱ्यात उभी होते. आजीची नजर माझ्यावर पडली आणि तिने मला स्वतःच ओढून बाहेर काढले. दुकानदार म्हणाला, की ही एका हाताने मिटते, आणि दोन्ही हातांनी मला मिटायला लागला. आजीने त्याला बाजूला केले. डाव्या कडेवर भिंगरी तशीच ठेवून तिने उजव्या हाताने माझ्या मुठीतली कळ दाबली आणि खाली ढकलले. मी एका दमात मिटले. मग तिने भिंगरीला खाली उतरवले, माझी लांबी-रुंदी वितीने मोजली, मला पट्ट्याने डाव्या खांद्यावर अडकवले आणि दुकानात एक फेरी मारून आली. शिवण उलटसुलट करून पाहिली. चाकांचे खटके पायाने लावून पाहिले.

मग भिंगरीला बसवायची वेळ आली. ती पाय काठीसारखे ताठ करून ओरडली.  आजीने मला उघडून नुसते उभे केले आणि दुकानदाराशी बोलत राहिली. थोड्या वेळाने माझ्या बैठकीवर उबदार असे काहीतरी येऊन बसले. मित्रांनो, तो क्षण मी कधी विसरणार नाही.

आजीच्या घरी आल्यावर मला एक गोष्ट ऐकून नवल वाटले. भिंगरी आजीला 'आई' म्हणत असे.

तिची खरी आई, म्हणजे आजीची लेक, परदेशात होती. दवाखान्यांना लागणारे कृत्रिम दात बनवण्याचे तिचे काम. नोकरी चांगली होती, पण सुरुवातीला राहायला चार जणींत एक खोली होती. तिथे मूल ठेवणे शक्य नव्हते. भिंगरीच्या वडिलांनी आधीच वेगळा संसार थाटला होता. त्यामुळे भिंगरी रांगत होती तेव्हा लेक तिला आजीकडे ठेवून गेली. जागा मिळाली की घेऊन जाते, म्हणाली. जागा मिळायला वर्ष उलटून गेले. आता ती मिळाली होती, पण लेकीला रजा मिळत नव्हती. म्हणून आजीच तिला पोचवायला निघाली होती.

लेक रोज फोन करी. फोनच्या काचेत तिचा चेहरा दिसे आणि ती आधी "हॅलो, हॅलो" म्हणे. मग आजीला हाक मारी, "आई, ऐकू येतंय ना?" भिंगरीने यातून स्वतःच अर्थ लावला. फोनमधल्या बाईचे नाव हॅलो. आणि जिला ती 'आई' म्हणते, ती आई.

आता तुम्हीच सांगा, यात त्या लेकराचे काय चुकले?

आजी तिला सुधारण्याचा आटापिटा करी. रोज संध्याकाळी ती मला रस्त्यावर सरावाला काढायची. मी पुढे सरकले की लांबच्या लेकीबद्दल म्हणायची, "ती आई." मी थांबले की म्हणायची, "मी आजी." भिंगरीला हा खेळ वाटे. ती टाळ्या वाजवून आजीला "आई, पळव" म्हणे आणि आजी मला पळवी. तिच्या हाताची पकड मला समजू लागली होती. "ती आई" म्हणताना ती माझी मूठ जरा जास्तच आवळायची.

प्रवासाचा दिवस आला. विमानतळावर मला मिटून सामान तपासायच्या यंत्रातून जावे लागले, मग पुन्हा उघडून भिंगरीला घ्यावे लागले. पहिल्या विमानाच्या दारातली बाई म्हणाली, की गाडी खाली सामानात जाईल.  आजीने भिंगरीला कडेवर घेतले, मला त्या बाईसमोर मिटून दाखवले आणि नरमाईने विचारले, की हिला वर कुठे चिमूटभर जागा निघेल का. त्या बाईने हसून मला उचलले आणि उतारूंच्या डोक्यावरच्या कप्प्यात आडवे ठेवले. जागा होती म्हणून बरे, नाहीतर माझे काही खरे नव्हते.

कप्प्याचे झाकण लागले. अंधार झाला. खाली भिंगरीचे रडे सुरू झाले. कान दुखत असावेत. बऱ्याच वेळाने ती शांत झाली आणि झोपेतच "आई" म्हणाली. मी वाट पाहिली, की आजी आता नेहमीप्रमाणे सांगेल, मी आजी. पण ती तसे काहीच बोलली नाही. ती हळूच म्हणाली, "आजच्या दिवस म्हण गं."

मित्रांनो, मी धातूची आणि कापडाची आहे. तरी त्या अंधारात माझे सगळे सांधे जड झाले.

विमान बदलताना मी भिंगरीला एवढे लांब वाहून नेले, की माझी चाके तापली. आजीचा खांदा वाचला. अखेर आम्ही पोचलो आणि बाहेरचे मोठे दार सरकले.

लेक कठड्यापाशी उभी होती. किती दिवस तिने या घडीची वाट पाहिली असेल! ती धावत आली, गुडघ्यांवर बसली आणि हात पसरले. भिंगरीने तिच्याकडे पाहिले. हा एवढा मोठा चेहरा तिने कधी पाहिला नव्हता. ती मागे वळून, "आई, आई" असे ओरडत आजीकडे झेपावू लागली. लेकीचे हात तसेच पसरलेले राहिले.  आजी एकदा नातीकडे बघे, एकदा लेकीकडे.

मग लेकीने हात खाली घेतले. ती उठली, माझ्या मागे आली आणि माझी मूठ धरली.

"राहू दे, आई," ती म्हणाली. "तू तिच्या पुढे चाल. गाडी मी ढकलते."

तिच्या बोटांना दातांच्या साच्यांची पांढरी भुकटी लागून कोरडेपणा आला होता. हात थंडगार होते. आजी माझ्यासमोर, भिंगरीला दिसेल अशी, उलटी चालू लागली. धावत्या बसमध्ये उतारूंकडे तोंड करून उलटे चालायची तिला सवय होतीच. ती हसत हसत मागे सरकत होती, भिंगरी तिच्याकडे बघत होती आणि मागून कोण ढकलते आहे, हे तिला ठाऊकच नव्हते.

पुढचे कितीतरी दिवस असेच चालले. घरात भिंगरी लेकीच्या जवळ जात नसे. तिने घास भरवला, की तोंड फिरवी. पण संध्याकाळी लेक कामावरून आली, की आमची फेरी निघे. आजी पुढे, मी मध्ये आणि लेक मागे. लेक भिंगरीला फक्त छताच्या खिडकीतून बघायची. एवढीशी ती खिडकी, फोनच्या काचेएवढी! वर्षभर जेवढी दिसली, तेवढीच मुलगी तिला आताही दिसत होती. तरी ती मान वाकवून बघत राही आणि तिचे पाऊल चुके. मग माझे चाक दगडावर आदळे.

आजी मुद्दाम रोज थोडी लांब चालू लागली. कधी भाजीच्या दुकानात शिरे, कधी चप्पल दुरुस्त करायच्या निमित्ताने थांबे. एका संध्याकाळी ती अशीच कोपऱ्यावर मागे राहिली. रस्ता ओलांडायचा होता. लेक पहिल्यांदाच मोठ्याने बोलली.

"थांब हं, लाल दिवा लागलाय."

भिंगरी एकदम सावध झाली. हा आवाज तिच्या ओळखीचा होता. तिने माझा खिसा चाचपला. फोन नव्हता. तिने बैठकीखाली वाकून पाहिले. तिथेही नव्हता. मग तिने वर पाहिले. छताच्या खिडकीत, फोनमध्ये दिसायचा तेवढाच, तोच चेहरा होता.

"हॅलो," भिंगरी म्हणाली.

लेक जागची हलली नाही. दिवा हिरवा झाला, माणसे आम्हांला वळसा घालून गेली, पुन्हा लाल झाला. भिंगरीने खिडकीला आतून बोट लावले. लेकीने बाहेरून त्याच जागी बोट टेकवले.

त्यानंतर भिंगरी तिच्या हातून खाऊ लागली. तिच्या पांघरुणात शिरू लागली. नाव मात्र हॅलोच राहिले. लेक या नावाला ओ देत असे, आणि मनापासून देत असे.

आजीची परत जायची तारीख जवळ आली. आदल्या संध्याकाळी भिंगरी माझ्यातच झोपली होती आणि मी स्वयंपाकघराच्या दाराशी उभी होते. आजी टेबल पुसत म्हणाली, की उद्या दुपारी पोर झोपली, की आपण एकटीने गुपचूप निघून जावे. उठेल तेव्हा विमान वर गेलेले असेल. तेवढेच रडणे कमी.

 लेक म्हणाली, "नको, आई. मी तशीच गेले होते. ती झोपली होती." मग तिने विचारले, "उठल्यावर तिनं काय केलं, ते तू मला कधी सांगितलं नाहीस."

"दाराशी जाऊन बसायची," आजी म्हणाली.

"किती दिवस?"

आजीने पुसलेले टेबल पुन्हा पुसले.

"मग या वेळी तिला जागं ठेवू," लेक म्हणाली. "रडली तर रडू दे. मी आहे ना."

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे विमानतळावर गेलो. आजी माझ्यासमोर वाकली. तिने भिंगरीचा पट्टा उगाचच नीट केला. मग ती म्हणाली, "मी आता माझ्या घरी जाते. तू इथं हिच्याजवळ राहायचं. ही तुझी आई. मी रोज फोनमधे भेटेन."

भिंगरीने विचार केला. "तू हॅलो?"

"हो," आजी म्हणाली. "आता मी हॅलो."

ती काचेच्या दारातून आत गेली. भिंगरी दिसत होती तोवर ती उलटी चालत राहिली. शेवटी पहारेकऱ्याने तिला पुढे बघायला सांगितले.

मग भिंगरीने जो आकांत मांडला, तो सांगवत नाही. "आई, आई" म्हणून तिने पट्टा ओढला, लाथा झाडल्या, एक बूट लांब उडवला. येणारे-जाणारे थांबून बघू लागले. कुणी चॉकलेट पुढे केले. लेकीने तिला गप्प केले नाही आणि खोटेही काही सांगितले नाही. बूट उचलून तिने पिशवीत ठेवला आणि मला त्या मोठ्या दालनात इकडून तिकडे फिरवत राहिली. मधूनमधून एवढेच म्हणे, "हो गं, गेली. मलाही रडू येतंय." आणि तिला खरोखरच येत होते. माझ्या मुठीवर थेंब पडत होते.

किती फेऱ्या झाल्या, मला ठाऊक नाही. भिंगरीचा आवाज बसला. ओढून सैल झालेल्या पट्ट्यातून ती मुसमुसत मागे वळली, गुडघ्यांवर उभी राहिली आणि छताच्या वरून दोन्ही हात लेकीकडे केले. लेकीने तिला उचलून घेतले. भिंगरीने तिच्या मानेत तोंड लपवले आणि घर येईपर्यंत ते काढले नाही.

मी रिकामी परतले. रिकामी बाबागाडी कशी चालते, तुम्ही पाहिले आहे का? तिची पुढची चाके भरकटतात, तोल राहत नाही. एरवी रिकामे जायला मला मुळीच आवडत नसे. आतले मूल हाच आमचा जीव. पण त्या दिवशी लेक मला एका हाताने कशीबशी ओढत होती आणि मला वाटत होते, की या रस्त्याने असेच रिकामे चालत राहावे.

पुढे माझे दिवस फिरले. भिंगरी उंच झाली. तिचे पाय जमिनीला लागू लागले. काही दिवस मी बटाट्यांच्या पिशव्या वाहिल्या, काही दिवस धुवायचे कपडे. मग एक चाक अडखळू लागले आणि मी दाराच्या मागे गेले. इथून मला घरातले सगळे ऐकू येते. भिंगरी लेकीला पुष्कळ दिवस हॅलो म्हणत होती. मग हॅलोआई म्हणू लागली. मग त्यातले हॅलो कधी गळून पडले, ते कुणाच्या लक्षातही आले नाही.

एकदा आजीचा फोन आला होता. लेक स्वयंपाकघरात होती, म्हणून भिंगरीने फोन घेतला आणि सहज विचारले, "आजी, तू जेवलीस?"

पलीकडून काहीच आवाज आला नाही. लेकीला वाटले, फोन कटला. ती हात पुसत आली. "आई, ऐकू येतंय ना?"

"येतंय," आजी म्हणाली. मग म्हणाली, "तिला पुन्हा म्हणायला सांग."

भिंगरीने पुन्हा म्हटले, "आजी."

"हं," आजी म्हणाली. "असंच म्हणायचं." तिचा तो शेवटच्या सीटपर्यंत पोचणारा आवाज मला दाराच्या मागे जेमतेम ऐकू आला.

आता तिचा खांदा फारच दुखतो. ती एवढ्या लांब येणार नाही, असे घरात बोलणे चालते. भिंगरीला घेऊन तिकडे जायचे ठरते आणि दर वेळी काहीतरी आडवे येते. मला सगळे समजते. तरी दाराची कडी वाजली, की माझी मूठ तो एक हात शोधू लागते.

मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखे कुणी मिटून उभे असेल, तर त्याला अधूनमधून उघडा. पडून राहिल्याने सांधे धरतात, थोडे तेल पुरते. आणि कधी कुणाला सोडून लांब जायची वेळ आली, तर ते झोपलेले असताना जाऊ नका. त्यांना जागे करा, सांगा आणि मग जा. ते रडतील. रडू द्या. पण उठल्यावर दाराशी जाऊन बसणार नाहीत.